डॉक्टरांच्या माळ्यावरची खोकी: मानसोपचारतज्ज्ञाची कागदपत्रं कशी आवरायची, कशी जपायची आणि कुणाकडे द्यायची

गंगापूर रोड, कॉलेज रोड, जुनं नाशिक, जिकडे बघाल तिकडे बंगले आणि वाडे रिडेव्हलपमेंटला चाललेत आणि त्याबरोबर साठ-सत्तरच्या दशकात प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांची घरंही रिकामी होतायत. त्यातले एखादे मानसोपचारतज्ज्ञ असतील आणि सोबत संशोधनही करत असतील तर माळ्यावरून, गोदरेजच्या कपाटातून, कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीतून नुसते कागद निघत राहतात. केसपेपर, ओपीडीची रजिस्टरं, डायऱ्या, देशविदेशातली पत्रं, पेपरचे खर्डे, कॅसेट, घड्या घातलेल्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखाच्या, लांबच लांब पट्ट्या. बिल्डरने तारीख दिलेली असते, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, मग एक रविवार ठरतो आणि रद्दीवाल्याला फोन जातो. हा लेख त्या रविवारच्या आधी वाचा.

मी ओळखीपाळखीच्या घरांना अशी दप्तरं लावायला मदत करते, आणि बाकी कुठल्याही डॉक्टरच्या कागदांपेक्षा मानसोपचारतज्ज्ञाचे कागद वेगळे का ते आधी सांगते. या ढिगात दोघांचा ऐवज एकत्र मिसळलेला असतो. एक डॉक्टरांचा स्वतःचा, म्हणजे त्यांचा विचार, संशोधन, पत्रव्यवहार. दुसरा त्या सगळ्या माणसांचा ज्यांनी नवऱ्याला, आईला, कुणालाच न सांगितलेली गोष्ट बंद दाराआड डॉक्टरांना सांगितली. कागद कुणाच्या मालकीचा ते वकील ठरवतील, पण त्यातलं गुपित पेशंटचंच, ते डॉक्टर गेल्यावर वारसांकडे येत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेचा जिनिव्हा जाहीरनामा, म्हणजे डॉक्टरांनी घ्यायची शपथ, १९४८ चा आहे, त्यात पेशंटच्या मृत्यूनंतरही त्याचं गुपित राखीन ही गोष्ट १९६८ मध्ये घातली गेली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ मानसिक आजार असलेल्या माणसाला गोपनीयतेचा हक्क देतं.

मग सगळं नष्टच करून टाकावं का, असं खूप घरांत विचारतात. अजिबात नको. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पिढ्यान्पिढ्या चारच, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला येरवड्याला किंवा ठाण्याला नेणं म्हणजे अख्ख्या गावात बोभाटा, त्यामुळे बहुतेक लोक गुपचूप शहरातल्या खाजगी डॉक्टरकडे यायचे. आपल्या भागात मानसिक आजाराकडे लोक कसं बघत होते, आधी देवऋषाकडे गेले का, कुठल्या गोळ्या कधी आल्या, त्याने काय फरक पडला, हे सरकारी दप्तरात फार कमी सापडेल, ते या खोक्यांतच आहे. परदेशात असे कागद नीट ठेवलेले आहेत, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याची कागदपत्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आणि ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीची लंडनच्या वेलकम संग्रहात. फ्रॉइडच्या कागदांतला काही भाग तर कितीतरी वर्षं कुलपात होता, हळूहळू खुला झाला. ठेवायचं पण बंद ठेवायचं, हा रस्ता आपल्यालाही धरता येतो.

पहिल्या दिवशी फक्त बघायचं

काहीही उचलायच्या आधी जे जिथे आहे तिथेच त्याचे फोटो काढा. कपाटाचा प्रत्येक कप्पा, टेबलाचं प्रत्येक ड्रॉवर, माळ्यावरच्या खोक्यांची रांग. पण त्याआधी मोबाईलमध्ये गूगल फोटोजचं ऑटो बॅकअप बंद करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, कारण फाइलीवर पेशंटचं नाव असतं आणि ते तुमच्या नकळत क्लाउडवर जातं. फॅमिली ग्रुपवर "आबांच्या जुन्या आठवणी" म्हणून एकही कागद टाकायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना त्याच दिवशी स्पष्ट सांगा. यात कुणी मुद्दाम काही करत नाही, प्रेमानेच टाकतात, पण त्या फोटोतल्या कोपऱ्यात कुणाचं तरी आयुष्य दिसत असतं.

मग खोक्यांना आणि कप्प्यांना नंबर द्या. पेन्सिलने चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी खोक्यात ठेवा, आणि एका साध्या वहीत लिहा की खोकं ३ हे दवाखान्याच्या खोलीतल्या डाव्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं. हे कंटाळवाणं वाटेल पण मूळ क्रम हीच यातली सगळ्यात नाजूक गोष्ट आहे. डॉक्टरांनी एखादं पत्र पत्रांच्या फाइलीत न ठेवता लिथियम या औषधावरच्या अभ्यासाच्या फाइलीत ठेवलं असेल तर त्याला कारण असतं, आणि तुम्ही सगळी पत्रं एकत्र करून तारखेप्रमाणे लावलीत की ते कारण कायमचं गेलं. आवराआवर करणाऱ्या माणसाचा हात इथे फार शिवशिवतो. आवरा, तो आवरा आधी.

त्याच दिवशी तीन गोष्टी मात्र लगेच बाहेर काढायच्या: कोरे प्रिस्क्रिप्शन पॅड आणि लेटरहेड, रबरी शिक्के, आणि सही करून ठेवलेली कोरी सर्टिफिकेटं. रजिस्ट्रेशन नंबर असलेलं कोरं पॅड चुकीच्या हातात गेलं तर त्यावर झोपेच्या गोळ्या लिहून घेता येतात. नमुन्यासाठी एक पॅड ठेवा, त्याच्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहा, बाकीची श्रेडरमधून काढा, शिक्क्याचं रबर कापून टाका. ड्रॉवरमध्ये औषधांची सॅम्पल किंवा उरलेल्या गोळ्या निघाल्या तर कचऱ्यात टाकू नका, ओळखीच्या फार्मासिस्टला विचारून विल्हेवाट लावा.

आणि किल्ली. खोली एक, कुलूप एक, किल्ल्या दोन, त्या कुणाकडे हे सगळ्या वारसांनी मिळून ठरवायचं. पुढे कागद कुणाला द्यायचे झाले तर सगळ्या वारसांच्या सह्या लागणार आहेत, त्यामुळे अमेरिकेतल्या भावालाही आत्ताच विश्वासात घ्या.

ओल, बुरशी, कसर

नाशिकमध्ये हे काम करायला सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, कागद मोकळे होतात. जून ते सप्टेंबरमध्ये खोकी उघडून पसरून ठेवू नका, आणि नदीकाठच्या वाड्यात, सराफ बाजाराच्या बाजूला तळमजल्यावर काही असेल तर पावसाळ्याआधी ते वरच्या मजल्यावर हलवायचंच, २००८ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना हे समजवावं लागत नाही.

कागदावर पांढरी, हिरवट, काळी भुकटी दिसली किंवा कुबट वास आला तर ती बुरशी. ते खोकं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, गच्चीत किंवा बाल्कनीत सावलीत, हवा खेळती ठेवून कागद सुकू द्या आणि पूर्ण सुकल्यावरच मऊ ब्रशने अलगद झाडा. ओली बुरशी पुसायला गेलात की ती कागदात चोळली जाते. कडक उन्हात वाळवायचा मोह होतो, पण उन्हाने शाई उडते आणि कागद वाकडे होतात. दमेकरी माणसाने या कामात पडूच नये.

कसर किंवा झुरळांची घाण दिसली तर डांबर गोळ्या टाकू नका. त्यांची वाफ माणसाला वाईट आणि फोटो-प्लास्टिकलाही वाईट. हळद, कापूर, निंबाचा पाला कागदाला चिकटून डाग पडतात, पाला ठेवायचाच असेल तर कपाटाच्या तळाशी कापडी पिशवीत. थोडेच कागद असतील तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून सील करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८-२० अंशाला दोन आठवडे ठेवा, मग पिशवी न उघडता एक दिवस बाहेर राहू द्या आणि नंतरच उघडा, नाहीतर गार कागदावर दव धरतं. हा उपाय कागदापुरताच, फोटो आणि टेपना नाही. वाळवी असेल तर कागदाआधी भिंत बघा, मातीची रेघ कुठून येते ते शोधून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. खोलीत हवेतला ओलावा मोजणारा एक डिजिटल हायग्रोमीटर लावा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे.

वर्गवारी

आता खरं काम. खोकी जिथल्या तिथे ठेवूनच, एकेक फाइल उघडून ती कुठल्या प्रकारची आहे एवढंच वहीत लिहायचं. वाचत बसायचं नाही. मी चार खुणा वापरते.

"पे" म्हणजे पेशंटचं. केसपेपर, ओपीडी रजिस्टर, अ‍ॅडमिशनची कागदं, शॉक ट्रीटमेंटची नोंदवही, पेशंटने किंवा नातेवाईकाने डॉक्टरांना लिहिलेली पत्रं, पेशंटनी काढलेली चित्रं, फोटो, कॅसेट, कोर्टाचे आदेश. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याखाली दंडाधिकारी माणसाला भरती करायचा जो आदेश काढायचे त्याला रिसेप्शन ऑर्डर म्हणत, १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात आला तेव्हाही तोच शब्द राहिला, अशी ऑर्डर दिसली की ती कितीही "ऐतिहासिक" वाटली तरी ती "पे" मध्ये. डॉक्टरांच्या रोजच्या डायरीतही पेशंटची नावं असतात, म्हणून डायरी बहुतेक वेळा "पे" आणि "डॉ" दोन्ही.

"सं" म्हणजे संशोधनाचा कच्चा माल. भरलेले फॉर्म, रेटिंग स्केल म्हणजे त्रास किती ते गुणांत मोजायच्या प्रश्नावल्या, तक्ते, पंच कार्डं, फ्लॉपी, कंप्युटरची लांब प्रिंटआउट. इथे एका वस्तूवर डोळा ठेवा. फॉर्मवर पेशंटचं नाव नसतं, ०४७ असा कोड असतो, आणि कुठेतरी एक छोटी वही किंवा दोन पानं पिन केलेली असतात ज्यात ०४७ म्हणजे कोण ते लिहिलेलं असतं. बऱ्याचदा ती त्याच फाइलीच्या मागच्या कव्हरात खोचलेली असते. ही वही सापडली की तिथेच थांबा, ती वेगळ्या पाकिटात सीलबंद करा, पाकिटावर फक्त "अभ्यास क्रमांक अमुक, कोडवही" लिहा आणि फॉर्मच्या खोक्यापासून लांब, वेगळ्या कुलपात ठेवा. त्या दोन पानांमुळे शेकडो फॉर्म निनावी राहतात किंवा राहत नाहीत. संमतीपत्रांवरही नाव-सही असते, तीही वेगळी. जुन्या अभ्यासांत लेखी संमती सापडेलच असं नाही, माणसांवरच्या संशोधनाबद्दल आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पहिलं धोरणात्मक निवेदनच १९८० चं आहे, त्यामुळे संमतीपत्र नाही म्हणून काही गैर झालं असा निष्कर्ष लगेच काढू नका, फक्त "संमतीपत्र सापडलं नाही" असं नोंदवा.

"डॉ" म्हणजे डॉक्टरांचं व्यावसायिक, पेपरचे खर्डे, भाषणं, परिषदांची कागदपत्रं, सहकाऱ्यांची पत्रं. आणि "घ" म्हणजे घरगुती, लग्नपत्रिका, बँक, घराचे कागद. "घ" लगेच कुटुंबाने घेऊन जावं.

खर्डे फेकू नका, छापील पेपर आहे ना मग कशाला, असं वाटतं. छापील पेपर कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत मिळेल, इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्रीचे जुने अंक ऑनलाइनही आहेत. पण आधी कुठला मुद्दा होता, छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या रेफरीने काय हरकत घेतली, डॉक्टरांनी काय खोडलं, हे खर्ड्यातच आहे. फेकायचंच असेल तर छापील जर्नलचे गठ्ठे, औषध कंपन्यांची माहितीपत्रकं आणि डुप्लिकेट झेरॉक्स काढा, आणि त्यातही मार्जिनमध्ये डॉक्टरांच्या हाताने काही लिहिलेलं असेल तर ते ठेवा.

तारीख नसलेल्या कागदाची तारीख काढायची

हा भाग मला स्वतःला फार आवडतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. निदानाच्या जागी नुसते २९५ असे आकडे असतील तर ते आयसीडीच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या, आठव्या किंवा नवव्या आवृत्तीतले स्किझोफ्रेनियाचे, आणि एफ२० असेल तर दहाव्या आवृत्तीतले, म्हणजे नव्वदच्या दशकातले किंवा नंतरचे. क्लोरप्रोमाझिन या मानसिक आजारावरच्या औषधाचं नाव असेल तर १९५२ च्या आधीचं शक्य नाही, तसंच दुसरं औषध हॅलोपेरिडॉल असेल तर १९५८ च्या आधीचं नाही. टायपाखाली कार्बनची जांभळट प्रत, सायक्लोस्टाइलचा खरखरीत कागद, डॉट मॅट्रिक्सची भोकं असलेली पट्टी, हे सगळं सांगत असतं. अंदाज काढला की तो चौकोनी कंसात आणि पेन्सिलने, म्हणजे ही तारीख तुमची, डॉक्टरांची नाही, हे पुढच्याला कळतं.

पेशंटच्या कागदांचं काय करायचं

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायच्या असतात, आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. २०१७ च्या कायद्याचं कलम २५ पेशंटला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी बघायचा हक्क देतं. म्हणून डॉक्टर नुकतेच गेले असतील तर अलीकडच्या वर्षांच्या फाइलींना हात लावू नका. दवाखान्याच्या दारावर एक साधी पाटी लावा की ज्यांना आपली फाइल हवी त्यांनी अमुक नंबरवर फोन करावा, आणि मुदत द्या. माणूस आला की ओळखपत्र बघा, फाइल त्यालाच द्या, दिल्याची सही घ्या. "मी तिचा नवरा, मला द्या" म्हणणाऱ्याला पेशंटच्या लेखी परवानगीशिवाय देऊ नका, घटस्फोटाच्या केसमध्ये बायको वेडी होती हे दाखवायला जुनी फाइल शोधणारे लोक खरंच असतात. कोर्टात केस चालू असलेली, पोलिस केस असलेली कुठलीही फाइल वकिलाला विचारल्याशिवाय नष्ट करायची नाही. डॉक्टरांनी प्रॅक्टिस दुसऱ्या तज्ज्ञाकडे सोपवली असेल तर चालू पेशंटच्या फाइली त्यांच्याकडे, रीतसर यादी करून.

जुन्या फाइलींचं काय, यावर माझं मत सांगते. ओपीडी रजिस्टरं सगळी ठेवावीत, ती कमी जागा घेतात आणि वर्षावर्षाला कोण आलं, कुठून आलं, काय निदान झालं याचा अख्खा आलेख त्यांत असतो. केसपेपर खूपच असतील तर सगळे ठेवणं कुठल्याच संस्थेला झेपत नाही, मग संस्थेशी बोलून नमुना ठेवा, उदाहरणार्थ दर दहा वर्षांतलं एक पूर्ण वर्ष. "इंटरेस्टिंग केसेस" तेवढ्या निवडून ठेवायची कल्पना मला पटत नाही, कारण मग पुढच्या अभ्यासकाला नाशिकमधली मानसिक आजाराची माणसं म्हणजे फक्त विलक्षणच होती असं वाटेल, आणि झोप लागत नाही म्हणून निफाडहून एसटीने येणारी साधी बाई इतिहासातून गळेल.

जे नष्ट करायचं ते रद्दीत कधीच नाही. भेळेच्या पुडीला केसपेपर ही कल्पना करून बघा. क्रॉसकट श्रेडर भाड्याने किंवा विकत घ्या, किंवा मोठा साठा असेल तर कागदाच्या मिलमध्ये स्वतः उभं राहून लगद्यात घालून घ्या. काय नष्ट केलं, कुठल्या वर्षाचं, किती फाइली, कुणासमोर, याची एक पानभर नोंद ठेवा, नावं न लिहिता.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही

अभ्यासकाला किंवा प्रदर्शनाला काही द्यायचं झालं की लोक नावावर काळं मार्कर फिरवतात आणि निर्धास्त होतात. कागद उजेडासमोर धरलात की मार्करखालचं नाव दिसतं. मूळ कागदावर काहीही फिरवायचंच नाही, झेरॉक्सवर झाका, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स काढा आणि ती द्या. पीडीएफमध्ये नुसती काळी पट्टी टाकली तर खालची अक्षरं कॉपी करून घेता येतात, म्हणून मजकूर कायमचा काढून टाकणारं रिडॅक्शनचं टूल वापरा किंवा झाकलेलं पान प्रिंट काढून परत स्कॅन करा.

त्याहून अवघड म्हणजे बाकीचे तपशील. समजा नोंदीत लिहिलंय, "निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार, वय ४२, तीन मुली, धाकटा भाऊ सैन्यात, गारपिटीनंतर दोनदा जीव द्यायचा प्रयत्न." नाव कुठेच नाही, पण त्या गावातला कुणीही माणूस हे वाचून घर दाखवेल. इथे तालुका काढून "जिल्ह्यातला", वय काढून "चाळिशीतला", मुली आणि भाऊ पूर्ण काढायचे. आणि यात फक्त पेशंट नसतो. "आत्याला असाच त्रास होता, विहिरीत सापडली" हे वाक्य आत्याचंही गुपित आहे, आणि त्या घरातल्या आज लग्नाला आलेल्या नातवंडांचंही.

काही फाइलींना जास्तच जपायचं. आत्महत्येचे प्रयत्न, लैंगिक अत्याचार, दारू-अमली पदार्थ, लग्नाआधीचं बाळंतपण, आणि समलैंगिकता. समलैंगिकता आयसीडी-९ मध्ये निदान म्हणून होती, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये दहावी आवृत्ती मंजूर करताना ती वगळली, आणि आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल २०१८ मध्ये आला. म्हणजे ऐंशीच्या दशकात एखाद्या तरुणाच्या फाइलीवर जो शिक्का बसला तो आज आजारही नाही आणि गुन्हाही नाही, पण तो माणूस आज साठीचा आहे, याच शहरात राहतोय.

पेशंटचे मूळ शब्द मात्र यादीत बदलू नका. "अंगात येतं", "बाहेरचं आहे", "डोक्यात मुंग्या येतात", "जीव लागत नाही" असं जे डॉक्टरांनी मराठीत लिहून ठेवलंय ते तसंच नोंदवा, त्याचं आजच्या निदानात भाषांतर करू नका. व्यक्तीची ओळख झाका, आजाराची भाषा ठेवा.

जपणूक

टाचण्या, स्टेपल, क्लिपा गंजतात आणि कागद खातात. स्टेपल नखाने उपटू नका, मागची टोकं पातळ पट्टीने उभी करून मग पुढून अलगद काढा. गठ्ठे एकत्र ठेवायला सुती फीत किंवा कोऱ्या कागदाचं दुमडलेलं कव्हर. रबर बँड नको, सेलोटेप तर अजिबात नको. फाटलेलं असेल तर पारदर्शक पाकिटात ठेवा, चिकटवू नका. अ‍ॅसिड-फ्री कागद आणि खोकी ऑनलाइन मागवता येतात. बजेट नसेल तर धुतलेल्या, रंग न जाणाऱ्या सुती कापडाचे रुमाल करून गठ्ठे बांधा, मोडी दप्तरं शेकडो वर्षं तशीच टिकलीत. लॅमिनेशन कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा, ते परत निघत नाही.

फॅक्सचे आणि काही ईसीजीचे कागद थर्मल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेले असतात, ते आपोआप पुसट होतात, म्हणून ते सगळ्यात आधी स्कॅन करा. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती खराब व्हायला लागलीय, बाकीच्यांपासून लांब ठेवा.

मुलाखतींच्या कॅसेट निघाल्या तर उत्सुकतेने टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. आधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या पट्ट्या तोडा म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. मग जाणकाराकडून एकदाच, चांगल्या डेकवर वाजवून डब्ल्यूएव्ही फाइल करून घ्या. माणसाचा आवाज हीच त्याची ओळख असते, त्यामुळे या फाइली कुठल्याही फुकट ट्रान्सक्रिप्शन अ‍ॅपमध्ये टाकायच्या नाहीत. हेच स्कॅनिंग अ‍ॅपबद्दलही.

साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर अजून वाचता येते, मोठी सव्वापाच इंची तज्ज्ञाकडेच. आत मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये असेल तर उघडल्यावर निरर्थक अक्षरं दिसतात, ती फाइल बिघडलेली नाही. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, फॉन्टचं नाव नोंदवा, युनिकोडची प्रत वेगळी करा.

स्कॅनिंग ३०० डीपीआय, बारीक अक्षर आणि फोटो ६०० डीपीआय. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायची पीडीएफमध्ये. फाइलीचं नाव आकड्यांत, खोकं-फाइल-पान, जसं ०३-११-००२, त्यात पेशंटचं नाव कधीच नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, आणि हार्ड डिस्क पासवर्डने एन्क्रिप्ट केलेली. पासवर्ड दोघांना माहीत हवा. पुसट होणारे थर्मल कागद आणि कॅसेट सोडून "पे" खुणेचं बाकी काही स्कॅन करूच नका, जोपर्यंत कुठली संस्था ते कशासाठी आणि कुठल्या सुरक्षेत हवंय हे लेखी सांगत नाही.

कुणाकडे द्यायचं

नाशिकमध्ये पहिली विचारणा दोन ठिकाणी करता येईल. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे आणि जुने ग्रंथ, पोथ्या सांभाळण्याचा त्यांना अनुभव आहे, "डॉ" प्रकारची मराठी भाषणं, लेख, पत्रं यासाठी तिथे बोला. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून म्हसरूळला आहे, वैद्यकीय संशोधनाच्या कागदांसाठी त्यांच्या ग्रंथालयाला पत्र लिहा. बाहेर बेंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्यातली राष्ट्रीय संस्था, आणि तिथेच एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचं आर्काइव्ह २०१९ पासून सुरू आहे, ते भारतातल्या विज्ञानाच्या इतिहासाचे कागद गोळा करतं. सगळ्यांना फोन करण्याआधी दोन पानी यादी तयार ठेवा: डॉक्टर कोण, कुठली वर्षं, कुठल्या विषयावर काम, किती खोकी, किती कॅसेट, कुठली भाषा, पेशंटचे कागद किती. खोकी टेम्पोत घालून दारात नेऊन उभं राहू नका, कुठलीही चांगली संस्था असं घेत नाही.

आणि त्यांनाही प्रश्न विचारा. खोलीला कुलूप आहे का, छत गळतं का, बंद ठेवायचे कागद खरंच बंद राहतील याची जबाबदारी कुठल्या पदावरच्या माणसाची. पद विचारा, कारण माणसं बदलतात.

देताना दानपत्र करा, वकिलाकडून मसुदा तपासून घ्या. त्यात कागदांची मालकी कुणाकडे गेली, कॉपीराइट कुणाकडे राहिला, बंद काळ किती, बंद काळात परवानगी कोण देणार, स्कॅन करून इंटरनेटवर टाकायला मुभा आहे का, संस्थेला नको असलेले कागद परत की नष्ट, संस्था बंद पडली तर कागद कुठे जाणार, एवढं हवंच. कॉपीराइटमध्ये एक गोष्ट लोक विसरतात, डॉक्टरांना आलेल्या पत्राचा कागद तुमचा पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे एखाद्या नामांकित सहकाऱ्याचं पत्र छापायचं तर त्यांच्या वारसांना विचारायला लागेल.

बंद काळासाठी माझं सांगणं, पेशंटच्या कागदांना फाइलीतल्या शेवटच्या तारखेपासून १०० वर्षं. ब्रिटनमधल्या संग्रहांत रुग्णांच्या नोंदींना साधारण तेवढाच काळ लावतात. अमेरिकेच्या आरोग्य-गोपनीयता नियमांत माणसाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं संरक्षण आहे, पण आपल्याला हजारो पेशंटच्या मृत्यूच्या तारखा कुठून कळणार, त्यामुळे १०० च सोपं आणि सुरक्षित. कोडवहीचं सीलबंद पाकीट वेगळ्या नोंदीने द्या, त्यावर उघडण्याची तारीख लिहा.

मध्येच अभ्यासक आला आणि बंद कागद मागितले तर सरसकट नाही म्हणू नका, त्याच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची, मंजुरी मागा, नावं-पत्ते लिहून न घेण्याचं लेखी वचन घ्या, मोबाईल बाहेर ठेवून संस्थेच्याच खोलीत, कुणीतरी समोर बसलेलं असताना बघू द्या, आणि तो जे छापणार त्यातली उदाहरणं छापण्याआधी दाखवायला सांगा. हे सगळं दानपत्रातच लिहून ठेवलं की दर वेळी घरच्यांना फोन येत नाही. दानपत्राची एक प्रत घराच्या कागदांबरोबर ठेवा, आणि तुमच्या नंबर लावलेल्या वहीची झेरॉक्स संस्थेला द्या, मूळ वही मात्र पहिल्या खोक्यात सगळ्यात वर जाऊ द्या, कुठला कागद कुठल्या कप्प्यातून आला ते फक्त तिलाच माहीत आहे.